विशारद झालं, पण वर्ग घेता येतो का? (नवे संगीत शिक्षक घडवण्याबद्दल)

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहायला बसलेच.

नाशिकला गंगापूर रोडला माझा गाण्याचा वर्ग आहे, १८ वर्षं झाली. आधी लहान मुलंच यायची. हल्ली तीन-चार वर्षांत वेगळी मंडळी यायला लागली आहेत. कुणी गाण्याची विशारद परीक्षा झालेलं, कुणी त्यापुढची अलंकार करणारं, वय विशी-पंचविशीचं. त्यांना शाळेत नोकरी करायची असते, नाहीतर घरी क्लास सुरू करायचा असतो. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं : "ताई, मुलं समोर बसली की काय करायचं तेच सुचत नाही."

त्यांचा दोष नाही. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा देऊन आलेल्या मुलीला राग येतात, तालाची दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) हातावर येते, पण आठ वर्षांच्या पोराला 'सा' कसा लावून द्यायचा हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. आपण गायला शिकवतो, शिकवायला शिकवत नाही. मला हे फार लागतं, कारण पहिली पाच वर्षं मीही माझ्या विद्यार्थ्यांवर चाचपडतच शिकले.

आता मी काय करते ते सांगते. शिकवायला शिकणाऱ्याने पाच-सहा मुलांना सहा मिनिटं शिकवायचं. फोन स्टुलावर ठेवून त्याचं रेकॉर्डिंग. तो व्हिडिओ घरी जाऊन तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त मुलांकडे बघत. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसतं ऐकत. तिसऱ्यांदा नेहमीसारखा. मग लिहायचं. लिहिताना दोन अटी. 'छान' हा शब्द वापरायचा नाही. आणि अख्ख्या पाठाबद्दल लिहायचं नाही, एकाच क्षणाबद्दल लिहायचं, त्याचं मिनिट-सेकंद देऊन.

एक प्रसंग सांगते. एक मुलगी भूप राग शिकवत होती. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. मुलं उतरताना प ग रे सा म्हणायच्या ऐवजी मधे 'म' घेत होती, दर वेळी. ती म्हणे "चुकलं, परत." चार वेळा "चुकलं, परत." एका मुलाचा चेहरा पडला तो शेवटपर्यंत. घरी डोळे मिटून ऐकताना तिला कळलं की ती स्वतः प वरून ग वर मींडेने, म्हणजे आवाज न तोडता घसरत, येत होती, तिच्या गळ्यात बसलेली सुंदर मींड. मुलांनी ती जशीच्या तशी उचलली होती, फक्त त्यांच्या गळ्याला ती घसरण जमत नव्हती म्हणून ती मध्यमावर टेकत होती. मुलं चुकत नव्हती, बाईंचं हुबेहूब ऐकत होती. तिने वहीत लिहिलं : "१:४८. मी म्हणते 'चुकलं'. आता वाटतं, 'थांब, मी कसं म्हटलं?' असं म्हणायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी तिने प आणि ग सुटे, खडे म्हणून दाखवले. मुलं दुसऱ्या झटक्यात बरोबर.

मी पाठीमागे बसून हे तिला तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण मग ते माझं सांगणं झालं असतं.

यूट्यूबचंही तसंच. आमची शिकवायला शिकणारी सगळी मुलं मैफलींचे व्हिडिओ बघतात, ते बघायलाच हवेत. पण मी त्यांना शिकवण्याचे व्हिडिओ बघायला लावते. एकच भूप तीन वेगवेगळे शिक्षक शिकवताना. आणि विचारते, शिक्षक गप्प कधी बसला?

इथे कुणी असं काही करतं का? आणि हे लिखाण कुठे ठेवावं? मुलं ब्लॉग करू म्हणतात. माझं मन होत नाही.

---

पेटीवाला_सिन्नर | सोमवार, रात्री १०:२५

ताई, तळमळ पोचली. पण थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका.

मी गुरुजींच्या मागे आठ वर्षं तानपुरा घेऊन बसलो. माझी तालीम दिवसाला अर्धा तास, उरलेला वेळ दुसऱ्यांची तालीम ऐकण्यात. कोणाला दटावतात, कोणाला नुसतं बघून हसतात, कोणाला तीन महिने एकाच पलट्यावर (स्वरांच्या सरावावर) ठेवतात, हे सगळं डोळ्यांदेखत. शिकवायला मी तिथेच शिकलो. त्याला वही लागली नाही. आताच्या मुलांना तेवढं बसायला वेळ नाही, म्हणून हे व्हिडिओचं आलं. जो वेळ लिहिण्यात जातो तो रियाजात गेला तर?

दुसरं, कॅमेरा लावला की पोरं अवघडतात. माझ्याकडची एक चिमुरडी एरवी खणखणीत गाते, तिच्या वडिलांनी फोन काढला की आवाज घशात जातो.

---

इंद्रकुंड | मंगळवार, सकाळी ७:१०

पेटीवाला काका, तुमचं आठ वर्षं मागे बसणं हीच खरी शिक्षक-तालीम होती, मान्य. पण ती किती जणांच्या वाट्याला येते?

मी पंचवटीत राहतो, रोज पलुस्कर सभागृहावरून जातो. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा नेमका हाच प्रश्न होता. गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणायचं, तर वर्ग घेणारे आणायचे कुठून? म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग चालवला, शिक्षक तयार करण्यासाठीच. मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे स्वतः जुन्या पद्धतीने शिकलेल्या माणसाने हे केलं, हे मला फार मोठं वाटतं. पुस्तकं छापली, स्वरलिपी बनवली, अभ्यासक्रम आखला. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की पुस्तकात गाणं मावतं का.

उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात राहिले, इथे रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचा मुलगा दत्तात्रय १९२१ मध्ये इथलाच जन्मलेला. ज्या गावात हा माणूस राहिला, त्या गावात 'शिक्षक कसा घडवायचा' यावर बोलणं चालू आहे, एवढ्यानेच सकाळ चांगली गेली.

---

अध्यापक_नाशिकरोड | मंगळवार, दुपारी १:३०

मी बी.एड.ला शिकवतो, संगीत माझा विषय नाही. पण गोदाकाठची ताई, तुम्ही जे करताय त्याला आमच्याकडे नाव आहे : सूक्ष्म अध्यापन. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात हे सुरू झालं. आपल्याकडे त्याचं जे चक्र रुळलं ते ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. तुमची सहा मिनिटं योगायोगाने जुळली की ठाऊक होतं?

यातला सर्वांत मोलाचा भाग 'पुन्हा पाठ' हा आहे आणि नेमका तोच घाईत उडवला जातो. व्हिडिओ बघितला, लिहिलं, संपलं. तसं करू नका. तोच तुकडा दुसऱ्या पाच मुलांना परत शिकवू द्या.

लिखाणाबद्दल. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : काम चालू असताना हाताबरोबर चालणारा विचार, आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. संगीतवाल्यांना पहिला समजावून सांगावा लागत नाही. तबलजीने लय ओढली की गवई बंदिशीतच सावरतो, तो हाच. वही दुसऱ्यासाठी आहे. आणि दुसरा पुरेसा झाला की पहिला सुधारतो.

एक सल आहे, ती सांगतो. मी आधी ज्या महाविद्यालयात होतो तिथे चिंतन-लेखनाला गुण होते. वर्षाअखेरीस ८० वह्या यायच्या. "आजचा पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला. फलकलेखन सुधारायला हवे." पान उलटा, तेच. एका वहीतून दुसरीत उतरवलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी दोनदा बैठकीत म्हटलं की याचे गुण काढून टाका, मुलं खोटं लिहायला शिकतायत. ऐकलं गेलं नाही. म्हणून तुमची 'छान' बंद ही अट वाचून मी ती तशीच उचलणार आहे.

---

त्रिताल१६ | मंगळवार, सायंकाळी ६:०५

तबल्याच्या बाजूने थोडं.

ऑनलाइन व्हिडिओतून शिकून आलेला एक मुलगा माझ्याकडे आला. डग्गा उजवीकडे, तबला डावीकडे. डावखुरा असेल म्हणून मी आठवडाभर काही बोललो नाही. मग कळलं, जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने. ज्या व्हिडिओवरून शिकला तो समोरून काढलेला, वाजवणाऱ्याची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे दिसणारी. पोराने जसं दिसलं तसं मांडलं. ती सवय मोडायला चार महिने गेले, अजून घाईत हात उलटा जातो.

म्हणून शिकवण्याचा व्हिडिओ काढणाऱ्या नव्या शिक्षकांना माझी विनंती : तबल्याचा व्हिडिओ जमलं तर वरून, खांद्याच्या मागून काढा. बोटं कुठे पडतात, चाटेवर (कडेला) की मैदानात (मधल्या भागात) की शाईवर (काळ्या गोलावर), हे समोरून दिसतच नाही. 'ना' आणि 'तिं' या बोलांमधला फरक कानाला कळतो, पण पहिल्या वर्षाच्या मुलाला तो डोळ्यांनी दाखवावा लागतो.

आणि ऑनलाइन थेट वर्गात एकत्र वाजवायच्या भानगडीत पडू नये. आवाज पोचायला जो वेळ लागतो त्यात लय मोडते, मुलाला वाटतं आपणच मागे पडतोय. त्यापेक्षा मी ठेका रेकॉर्ड करून पाठवतो, तो त्यावर वाजवून परत पाठवतो.

---

पेटीवाला_सिन्नर | मंगळवार, रात्री ८:५०

याला जोडून, स्वरलिपीचाही, म्हणजे गाणं लिहायच्या खुणांचाही, असाच घोळ आहे.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. माझ्याकडे एक बाई आल्या, अर्धं व्हिडिओवरून शिकलेल्या, अर्धं जुन्या पुस्तकावरून. टिंब दिसलं की वर जायचं की खाली हेच त्यांना ठरवता येईना. शिकवणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं की मी कोणती लिपी लिहितोय. इंद्रकुंड, हे तुमच्या पलुस्करांबद्दलच्या आदरानेच सांगतो.

---

दोन_मुलांची_आई | मंगळवार, रात्री ९:३०

मी शिक्षिका नाही, पण माझी दोन्ही मुलं गाण्याला जातात, म्हणून बोलते.

मुलांचे व्हिडिओ कुठे जातात? आमच्या आधीच्या क्लासच्या बाईंनी माझ्या लेकीचा गातानाचा व्हिडिओ न विचारता सगळ्यांना दिसेल असा टाकला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, सूर हलला होता, खाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली. तिने ती वाचली. नंतर सहा महिने ती घरातसुद्धा गायली नाही. बाथरूममध्ये गुणगुणायची तेही बंद. आई म्हणून ते ऐकू न येणं फार जड गेलं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण मी कायद्याचं म्हणत नाही. विचारा, एवढंच. आणि मुलालाही विचारा.

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११:१५

एकेकाला उत्तर देते.

आई, तुमचं वाचून मी अर्धा तास काही लिहू शकले नाही. लेक आता गाते का, नक्की सांगा. आमच्याकडे पालकांची सही असते. फोन मुलांच्या मागे असतो, शिक्षकाचा चेहरा दिसतो, मुलांच्या पाठी. आवाज बंद करून बघायच्या पहिल्या फेरीसाठी मुलांचे चेहरे लागतात, तेव्हा तेवढा एक व्हिडिओ समोरून, आणि लिहून झालं की माझ्यासमोर पुसायचा. आजपासून मुलांनाही विचारणार. हे माझ्याकडून राहिलं होतं.

पेटीवाला काका, राग कसला. मागे बसण्याला पर्याय नाही, माझी मुलंही महिनाभर माझ्या वर्गात मागे बसतात, मगच सहा मिनिटं मिळतात. पण मागे बसून आपण गुरूला बघतो. स्वतःला नाही बघत. रियाजात आपण स्वतःला ऐकतो ना? हा शिकवण्याचा रियाज धरा. मुलं अवघडतात हे खरं आहे, पहिले दोन दिवस फोन नुसता ठेवते, चालू करत नाही. तिसऱ्या दिवशी कुणी बघतही नाही त्याच्याकडे.

अध्यापक सर, सहा मिनिटांचं ठाऊक नव्हतं. सहा वर्षांच्या मुलांचं लक्ष तेवढंच टिकतं म्हणून मी ठरवली होती. 'पुन्हा पाठ' मात्र मी खरंच टाळत होते, शनिवारपासून सुरू.

---

सुरगाण्याचा_मास्तर | बुधवार, पहाटे ५:५०

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. संगीत शिक्षक नाही, मीच सगळं. पेटी थोडी येते.

आमच्याकडे नेट टेकडीवर मिळतं. तालुक्याला गेलो की व्हिडिओ उतरवून घेतो, मेमरी कार्डात भरून आणतो. बडबडगीतं कशी शिकवावीत, असे पुष्कळ बघितले. सगळ्यात मुलं मांडी घालून, टाळी देत गातात. मी तसंच करायला गेलो. मुलं थंड. मला वाटलं, यांना लय नाही.

मग गावात बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, झाला. संबळ सुरू झाला आणि माझ्या वर्गातली तीच पोरं सोंगांच्या मागे अशी नाचली की एकाचाही पाय चुकला नाही. जो मुलगा वर्गात टाळी चुकवायचा तो संबळाच्या तालात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते ते अंगाने पकडत होता. डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या वेळी पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) ऐकतात ती तर निराळीच. लय यांच्याकडे होती, मी ती मांडी घालायला लावून अडवली होती.

त्या रात्री लिहून ठेवलं, वहीचं वगैरे मला माहीत नव्हतं. आता वर्गात मुलं उभी राहतात. पहिली दहा मिनिटं पाय, मग तोंड.

ताई, तुम्ही नाशिकला जे शिक्षक तयार करताय त्यातले काही आमच्याकडे, पेठला, हरसूलला येतील. त्यांना शहरातल्या मुलांचेच व्हिडिओ दाखवले तर ते माझ्यासारखेच फसतील.

---

काळी_एक | बुधवार, रात्री १०:००

मी गोदाकाठची ताईंकडे शिकवायला शिकतो. ताईंना विचारून माझ्या वहीतलं एक पान इथे टाकतोय. वय २४, विशारद झालो, माझा आवाज काळी एकचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा.

"०:४०. मी सा देतो, माझ्या आवाजात. सात मुलं. पाच मुली, दोन मुलगे. ते सा म्हणतात, पण आवाज गुरगुरल्यासारखा. मी म्हणतो 'मोकळा आवाज काढा'. ते जास्त जोरात गुरगुरतात. ०:५५. मी पेटी मोठी करतो. आता मला मुलंच ऐकू येत नाहीत. १:२० पर्यंत मी आनंदात आहे, कारण पेटी सुरात आहे.

डोळे मिटून ऐकलं तेव्हा समजलं. मी पुरुषाच्या सप्तकात गातोय. मुलं माझा आवाज जिथे आहे तिथेच उतरायला बघतात, त्यांचा गळा तिथे पोचत नाही. त्यांचा सा माझ्यापेक्षा एक सप्तक वर आहे. मी त्यांना खड्ड्यात उतरायला सांगत होतो आणि वर म्हणत होतो, मोकळं व्हा.

लहानपणी आमच्या शाळेत गाण्याचे सर होते. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, तू नुसतं तोंड हलव. मी सर गात होते तिथेच गायला बघत होतो बहुतेक. आज पंधरा वर्षांनी कळतंय."

परत शिकवताना काय केलं : माझा आवाज बंद. पेटीवर वरच्या सप्तकातला सा वाजवला, भाता सोडला, पेटी गप्प. मग वर्गातल्या एका मुलीला म्हणायला सांगितलं, तिचा आवाज स्वच्छ आहे. बाकी मुलं तिला मिळाली. दोन मुलग्यांपैकी एकाला पहिल्यांदा 'सा' सापडला, त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते व्हिडिओत २:३१ ला आहे.

ब्लॉगचं म्हणाल तर हे पान मी सगळ्या जगासाठी लिहिलं असतं तर सरांचं आणि गुरगुरण्याचं लिहिलंच नसतं. आमची पाच जणांची वही आहे, एकमेकांची वाचतो, एकमेकांना एकेक प्रश्न लिहितो. सहा महिन्यांनी ज्याला वाटेल त्याने एक पान बाहेर काढावं.

---

पेटीवाला_सिन्नर | बुधवार, रात्री १०:४०

भाता सोडला, हे फार योग्य केलंत. पेटीवर हात असला की कान बंद होतात, हे मी चाळीस वर्षं पेटी वाजवून सांगतो. आणि त्या मुलीवरच सगळा भार टाकू नका, दर आठवड्याला दुसरं मूल घ्या. मागच्या बाकावरचं वाचून वाईट वाटलं. असे बरेच आहेत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच, आज ५८ वर्षांचा आहे, आरतीलाही तोंड उघडत नाही.

लिहिण्याबद्दल अजून माझं मन पूर्ण होत नाही. पण तुमचं पान मी दोनदा वाचलं.

---

दोन_मुलांची_आई | गुरुवार, सकाळी ८:२०

ताई, गाते. आता बाराची आहे. दुर्गा राग चालू आहे. बाथरूममध्येही.

---

गोदाकाठची | गुरुवार, दुपारी ३:००

आई, बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मास्तर, तुमच्यासाठी लिहितेय. शनिवारी आमच्या पाच जणांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला जाणार आहे. मला तुमच्याकडून एक हवंय. मुलांचे चेहरे नकोत, नुसता आवाज. संबळावर पाय वाजवत ती गातात तो. पाच मिनिटंही चालतील. माझी मुलं डोळे मिटून ऐकतील आणि लिहितील, मग ती पानं तुम्हाला पाठवीन, त्यात काय चुकलं ते तुम्ही सांगा. आणि काळी एक दिवाळीनंतर दोन दिवस तुमच्या शाळेत यायचं म्हणतोय. चालेल का?

---

सुरगाण्याचा_मास्तर | शुक्रवार, सायंकाळी ७:४५

चालेल. गावात विचारलं, मुलांनाही विचारलं. ती म्हणाली आवाज न्या, पण आमची नावं सांगा. संबळवाले आजोबा रविवारी वाजवतो म्हणालेत, शाळेच्या ओट्यावर. मोठी फाइल इथून जाणार नाही, कार्डात भरून सोमवारच्या नाशिक एसटीने ओळखीच्या कंडक्टरकडे देतो. जुन्या सीबीएस बसस्टँडला कुणाला तरी उभं करा.

त्या दादांना सांगा, पेटी आणू नका. आल्यावर बघू.